दहानंतर यंत्र बंद

१४ मार्च, शनिवार, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. मीही आहे.

घराभोवतीचं गवत कापून मोकळा पट्टा काढायला यंदा काय पडलं ते आधी सांगतो. पाऊण टाकी डिझेल, दोन पाती, एक सदरा आणि माझी डावी भुवई. हिशेब इथे संपत नाही, पण सुरुवात एवढ्यावर करू.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. आजवरची पत्रं तुझ्या वहिनीच्या हातची. मी खाली नुसती सही ठोकायचो, पार्सल मिळाल्याची पोच दिल्यासारखी. ती जाऊन चार वर्षं झाली. तू तेव्हा पाठवलेलं कार्ड कपाटात आहे. उत्तर द्यायचं राहिलं. राहिलं कसलं, दिलं नाही.

असो. हवापाण्याचं लिहितो.

मंगळवारी सकाळी आठला हवामान खात्याचा माणूस आला. शेडमागे त्यांचा वारा मोजायचा खांब आहे, त्याच्या फिरत्या वाट्या अडकल्या होत्या. त्याची गाडी वळणावर यायच्या आधीच मी किटली चढवली होती, कारण तिचा फाटका सायलेन्सर मला दोन मैलांवरून ऐकू येतो. कान अजून तसेच आहेत, बरं का. पहिला ट्रॅक्टर मी भंगारवाल्याकडून नुसता ऐकून घेतला होता, हे तू विसरला नसशील. सगळे म्हणत होते इंजिन गेलंय. मी म्हटलं, एक बेअरिंग गेलंय. जे काही उभं केलं ते या दोन कानांवर.

"काका, यंदाचा वसंत वाईट," खांबावरून उतरता उतरता तो म्हणाला.

"तुम्ही दरवर्षी हेच म्हणता."

"दरवर्षी गवत कमरेएवढं नसतं. गेल्या साली पाऊस बरा झाला, तुम्ही सगळे खूश झालात. तेच गवत आता वाळून उभं आहे. उद्यापासून पश्चिमेचा वारा, चांगला आठवडाभर. ठिणगी पडली तर झोडपत बसू नका. गाडीत बसायचं आणि निघायचं."

"आणि घर?"

"घराला चाकं नसतात, काका."

माणूस चांगला आहे. मी त्याला चहा दिला, मग दुसरा दिला. भंगारवाल्याची गोष्ट सांगितली, ती त्याने आधी ऐकलेली होती तरी हसला. तीनदा उठला, तीनदा मी बसवला. शेवटी शाळेतल्या पोरासारखं विचारलं त्याने, "जाऊ का आता?" त्या खुर्चीवर थंडीच्या आधीपासून कोणी बसलं नव्हतं, धाकट्या. तो गेला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

आता पाटीचं सांगायला हवं, तू ती पाहिलेली नाहीस. तू गेल्यावर मी शेडच्या दारावर रंगवली: दहानंतर यंत्र बंद. सकाळी गवताला ओल असते. पात्याला दगड लागून ठिणगी उडाली तरी तिथेच विझते. दहानंतर विझत नाही. माळावरच्या सगळ्यांनी पाटीवरचं वाक्य लिहून घेतलं, अग्निशमनवाल्यांनी तर छापून वाटलं. मला इथे दहावाले म्हणतात. मीही मिरवतो.

उत्तरेकडचा पट्टा राहिला होता आणि वारा दुसऱ्या दिवशी येणार होता. मी ट्रॅक्टरला गवत कापायचं यंत्र जोडलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

पुढचं तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

वळताना मागे पाहिलं तर धूर माझ्या उंचीचा. सदरा काढून झोडपलं, भुवई तेव्हाची. मग आग कुंपणाखालून पलीकडे गेली. पलीकडे मेंढीवाल्या बाई राहतात, तू गेल्यावर आल्या, एकट्याच असतात. त्यांचं कुरण थेट रस्त्यापर्यंत काळं झालं. मेंढ्या पाण्यावर आल्या होत्या म्हणून वाचल्या. वारा सुटला नव्हता म्हणून आग रस्त्यावर थांबली. बुधवारी असती तर हे पत्र लिहायला टेबल नसतं.

संध्याकाळी अग्निशमनचा साहेब वही घेऊन आला. "दुपारी कोणाचं यंत्र चालू होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "यांच्याकडे काय बघता, साहेब? हे दहावाले. सगळ्यांच्या आधी धावले म्हणून भुवई गेली त्यांची."

लोक हसले, साहेबही हसला. वहीत लिहिलं: बहुधा विजेच्या तारेची ठिणगी. मी तोंड मिटलं.

काल त्या माझ्यासाठी मलम घेऊन आल्या. सोबत कोरे कागद. "भाऊ, वीज कंपनीला भरपाईचा अर्ज तुम्हीच लिहून द्या. तुमचा शब्द कोणी खाली पाडणार नाही." आज सकाळपासून तेच कागद पुढ्यात आहेत. वर तारीख घातली आणि खाली 'माननीय साहेब' लिहायच्या जागी 'प्रिय धाकट्या' लिहिलं गेलं.

बावीस वर्षांपूर्वीच्या आगीच्या वेळी दुसरा साहेब होता, वही अशीच. यंत्रावर तू होतास, एकोणीस वर्षांचा. तू म्हणालास, "दादा, खरंच आवाज आला नाही. आला असता तर थांबलो नसतो का?" आणि मी सगळ्या माळासमोर म्हणालो, "मी दारात बसून कोंबडीने माती उकरलेली ऐकतो. पात्याला एवढा दगड लागतो आणि वर बसलेल्याला कळत नाही? खोटं बोलतोय तो." साहेबाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मी तुझ्याकडे पाहिलंही नाही. तुझी वहिनी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

पाच दिवसांनी तू बॅग घेऊन रस्त्याला उभा होतास. बस थांबली, दार आपटलं, चालकाने गिअर टाकला. मी आत बसून सगळं ऐकलं. बाहेर आलो नाही.

बाईंकडे आज संध्याकाळी जातो. माझ्या शेडमधल्या वाळल्या गवताच्या निम्म्या गंज्या त्यांच्या मेंढ्यांना, पुढचं गवत येईपर्यंत. त्या काय बोलतील ते ऐकून घेईन. कान आहेतच. सोमवारी अग्निशमनच्या कचेरीत जाऊन दोन्ही वह्या काढायला लावणार आहे. यंदाच्या वहीत माझं नाव घालायचंय, आणि जुन्या वहीत तुझ्या नावापुढे जे लिहिलंय ते मी सांगितलं होतं आणि ते चूक होतं, एवढं खाली लिहून सही करायचीय. दहावाले हे नाव मग राहणार नाही. पाटी राहू देणार आहे.

तू ये, असं मी लिहीत नाही. तो हक्क मी त्या बसबरोबर जाऊ दिला. पण हे तुला कचेरीतून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं होतं.

गुरुवारी उन्हं उतरल्यावर मी त्या पट्ट्यात जाऊन दगड शोधला. मुठीएवढा आहे, पात्याची पांढरी खूण आहे त्यावर. दोन्ही पात्यांची टोकं उडाली आहेत. मी वरच बसलो होतो, हे कान घेऊन. इंजिन चालू असताना दगडाचा आवाज ऐकू येत नाही.

तुझा
दादा