एकही नाही

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि आज मला भांडायचं नाही. आज मला ओरडायचंय. ताई, बाबा ‘नाही’ म्हणाले!

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून ‘हो’शिवाय शब्द नव्हता, हे तू पाहिलंच आहेस. गेल्या महिन्यात तू विचारलंस, “बाबा, माझ्याकडे राहायला येणार?” ते हो म्हणाले आणि तू लगेच खोली रंगवायला काढलीस. मी म्हटलं, हे ‘हो’ खरं धरायचं नाही. तू म्हणालीस, “तुला काय, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.”

आहेच. लोकांना विचारायचे प्रश्न तयार करणं हीच माझी नोकरी. आमच्याकडे एकच गोष्ट दोनदा विचारतात, एकदा सरळ, एकदा उलटी. दोन्हीकडे हो म्हणणाऱ्याचा कागद बाजूला काढतात. तेच बाबांवर करून पाहिलं.

“बाबा, ताईकडे जायचं?”

“हो.”

“इथेच राहायचं?”

“हो.”

“चंद्रावर जाऊन आलात?”

“हो,” म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. म्हणजे समजत होतं सगळं!

मग डोक्यात आलं, आपण त्यांना विचारतोच असं की नुसत्या ‘हो’वर भागावं. चहा हवा? दिवा लावू? ज्याला ‘हो’ चालणारच नाही, असं काही कुणी विचारतच नाही. आज सकाळी जेवणाचं टेबल, जे त्यांनीच घडवलंय, त्यावर हात ठेवून मी साळसूदपणे विचारलं, “बाबा, याला खिळे किती ठोकलेत हो?”

जन्मभर लाकडात लाकूड बसवणारा सुतार तो! चेहरा लाल झाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

“एक...ही... नाही!”

मी नाचले गं, खरोखर नाचले. खालची शिवणवाली धावत वर आली, “काय पडलं?” म्हणून. बघ ना, खोटं प्रश्नातच होतं. उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न मोडायला हवा होता, आणि बाबांनी तो मोडला!

तिथेच थांबले असते तर बरं. पण हुरूप आला होता. म्हटलं, आता ताईला कळवूच, बाबांना खरं काय हवंय ते. विचारलं, “बाबा, ताईकडे जायला तुम्ही नको का म्हणता?”

उत्तर आधीच गृहीत धरणारा असा प्रश्न माझ्या हाताखालच्या कुणी लिहिला असता तर मी खोडून टाकला असता.

बाबा या वेळी रागावले नाहीत. थाप मारलेला तो हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

“मी... कुठे... नको... म्हटलं?”

अख्खं वाक्य, ताई! त्यांचं स्वतःचं, कुणी तोंडात न घातलेलं. मी शिवणवालीच्या गळ्यात पडून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले.

शनिवारी ये त्यांना न्यायला. काय काय बरोबर घ्यायचं ते त्यांनाच विचार, आणि विचारलंस की गप्प बस. शब्द यायला वेळ लागतो, पण येतो. मध्ये आपला घुसवू नकोस.

मला मात्र ‘तुला चालेल ना?’ एवढं विचारू नकोस.

तुझी,
धाकटी