उखळाची जागा

नाशिक,
१९ एप्रिल २०२५

ती. सोमादादास,
इंदूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, सभेत उभा असल्यासारखा सुरू होतोस. म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच तोडता येणार नाही.

नातीने, श्रेयाने, आठ दिवसांसाठी कॅम्पर गाडी भाड्याने घेतली आहे. आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, छोटी मोरीसुद्धा. चालतं घरच म्हण. उन्हाळ्याची सुट्टी डिंभ्याच्या धरणाकाठी काढायची म्हणते. पाणी यंदा फार खाली गेलंय, आपल्या बुडालेल्या गावाची जोती उघडी पडलीत, असं ऐकते. तीस तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखिती. आई गेल्यावर आपण पितरांची घागर तिच्या उखळापाशी ठेवायचो, तशी एकदा ठेवायची आहे. जूनमध्ये गुडघ्यांचं ऑपरेशन. नंतर त्या उतारावर मला कोण जाऊ देणार? घर कुठं होतं ते तूच दाखवशील. कळंबला तुला घ्यायला येतो.

तुला न घाबरणारी एकुलती एक,
इंदू

कळंब,
२३ एप्रिल

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. ज्या पाण्याने आपल्या चुली विझवल्या, त्याच्या काठी लोक खुर्च्या टाकून भजी खातात आणि त्याला सरोवर म्हणतात! धरणाने खालची शिवारं हिरवी झाली, हे मी नाकारत नाही. मी स्वतः त्याच पाण्यावर कांदा काढतो. पण ज्यांचं गाव गेलं, त्यांना कुणी विचारलं होतं? आणि वर्षभर पाण्यात बुडवून ठेवलेल्या पितरांना आखितीला घागरभर पाणी द्यायचं, ही कसली थट्टा?

गाव बुडण्याआधीच्या शेवटच्या सभेत मी सगळ्यांना शपथ घातली होती, की घरातला एक दगडही कुणी हलवायचा नाही. पाणी आलं तर त्याने भरली घरं गिळावीत आणि जगाने ते बघावं. त्यानंतर तिकडे फिरकलो नाही. आता तर नाहीच.

गुडघ्यांना तिळाचं तेल लाव. श्रेयाला म्हणावं, घाटात गाडी जपून.

सोमाजी

डिंभे,
१ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

गाडीतल्या घडीच्या टेबलावर लिहिते आहे. एसटी आली तर कंडक्टरकडे देईन. इथल्या बायका गाडीत डोकावून जातात. एकीने विचारलं, की पावणं, हे इकायला आणलंय का ऱ्हायला? श्रेयाने तिला आत बसवून चहा पाजला.

काल खाली उतरले. गाळ वाळून भेगाळलाय. देवळाच्या पायरीपासून पावलं मोजत गेले, लहानपणी हंडा घेऊन मोजायचे तशी. आपली वाटली ती ओसरी सापडली, पण तिथं उखळ नव्हतं. पलीकडच्या जोत्यावर मात्र होतं, गाळाने भरलेलं. म्हटलं, मोजण्यात चुकले, वय झालं. श्रेयाने हाताने गाळ उपसला. घागर ठेवली, आमरस, कुरडई, पुरणपोळी ठेवली, आईचं नाव घेतलं आणि पोटभर रडले.

पण दादा, आईच्या मुसळाने काठाचा टवका उडाला होता ना? तो दिसला नाही. उखळ आपलंच होतं ना? तेवढं कळव. तोवर मी इथून हलत नाही.

तुझी,
इंदू

कळंब,
३ मे

चि. इंदूस आशीर्वाद.

तुझी पावलं चुकली नाहीत. जिथे उखळ नव्हतं, तेच आपलं घर. तू घागर ठेवलीस ती शेजारच्या भिकाच्या ओसरीत. बांधावरून आईशी सात वर्षं न बोललेल्या त्याच्या आजीने आखितीला आईच्या नावाची पोळी खाल्ली! वाचून मी मोठ्याने हसलो. मग हसू पुरलं नाही.

शेवटची सभा आटोपली, माणसं जेवायला पांगली, तेव्हा मी घरी गेलो, पहारीने आईचं उखळ उपटलं आणि गवताखाली झाकून बैलगाडीतून इथे आणलं. पस्तीस वर्षं ते गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागे आहे. भिकाने माझ्या शब्दाखातर घरचा पाटसुद्धा उचलला नाही. त्याचं सगळं गेलं. पुढे एकदा म्हैस बघायला गोठ्यात आला, उखळ दिसलं, आणि म्हैस न बघताच माघारी गेला. तेव्हापासून बोलत नाही.

लोकांना वाटतं मी पाण्यावर रागावलोय. मी तोंड लपवतोय, इंदे. हजार भाषणं केली, हे एवढं बोलायला जमलं नाही.

तुमच्या गाडीत उखळाला जागा होईल का? उद्या या. आता भिकाकडे निघालोय. त्याने दार लावलं तर बाहेरून बोलेन. आवाज तेवढा शिल्लक आहे.

सोमाजी

कळंब,
१४ मे

इंदूताईस भिकाचा रामराम.

तुमी नाशकाला सुखरूप पोचल्याचं कळलं. माझं अक्षर असंच, सांभाळून घ्या.

सोमाजी दारात आला तवा मी म्हणलं, झालं, आता दोन तास गेलं. पण तीनच वाक्यं बोलला आन् गप उभा ऱ्हायला. जन्मात त्याचं एवढं ल्हान भाषाण ऐकलं न्हाई. मग मीच त्याला आत घेतला.

तुमच्या नातीनं उखळाला पलंगावर उशी देऊन निजवलं व्हतं, ते डोळ्यांपुढनं जात न्हाई. मासेमारीवाल्या पोरांनी खाली उतरवलं, तुमी हात लावून तुमच्या जुन्या ओसरीत बसवलं, पर ते जरा वाकडं बसलं व्हतं. तुमाला बोललो न्हाई. काल सोमाजी आन् मी एसटीनं जाऊन सरळ केलं. येताना गाडी आली न्हाई, तर काठावर बसून भजी खाल्ली. त्यानंच मागवली.

तो म्हणत व्हता, आज खरी शपथ मोडली. मी म्हणलं, दगड हालवायचा न्हाई असं ठरलं व्हतं राव, परत आणून ठिवायचा न्हाई असं कुठं ठरलं व्हतं?

आता पाणी चढलं तरी चालंल. पुढल्या आखितीला दोन घागरी लागतील, गुडघं बरं करून या. आमच्या आजीला पोळी आवडली असंल. तुमच्या आईच्या नावाची व्हती म्हणून कुरकुर केली असंल, पर खाल्ली असंल.

लोभ हाये. एवढी वर्सं पाण्याखाली ऱ्हायला, तरी कुजला न्हाई.

भिका