सासरेबुवांचे पोवळे

३ जून, सकाळी ६.१०
सासरे हाज अम्मार यांनी तबरका बंदराच्या समुद्रातून चाळीस वर्षे पोवळे काढले. आता दृष्टी गेली आहे. मरण्यापूर्वी त्यांना एकच जाणून घ्यायचे आहे : त्यांच्या खडकाच्या कपारीत पोवळे उरले आहे का? घरातल्या माणसाने स्वतः पाहून सांगावे. मी होकार दिला. वाणिज्य पदवीधराइतका काटेकोर साक्षीदार त्यांना मिळणार नाही.

५ जून
बुडी मारण्यासाठी भाड्याचा रबरी सूट. आधीच्या गिऱ्हाइकाने त्यात लघवी केली होती. प्रशिक्षक रिधाकडे तक्रार नोंदवली. सगळेच करतात, ऊब येते, असे तो म्हणाला. तोंडात धरायच्या नळीवर परक्या दातांच्या खुणा. साबणाने धुतली. पाण्याखाली फेस आला.

९ जून
तळाशी दह्याचे डबे आणि एक चप्पल. दहा मीटरखाली पाणी एकाएकी बर्फ. प्रगती समाधानकारक. रिधाचे मत वेगळे आहे.

११ जून
मास्कवर वाफ धरू नये म्हणून काचेवर आतून थुंकायचे असते. नावेवरचे सुशिक्षित लोक आळीपाळीने थुंकत होते. किळस. मी स्वच्छ रुमालाने काच पुसणार.

१२ जून, दुपारी
खडक गाठला. अठरा मीटर. दिवसाउजेडी दिवा कशाला, म्हणून नेला नाही. मास्कमध्ये दाट धुके असल्याने कपार दिसली असे म्हणता येणार नाही. परंतु ती तेथे होती. वर येऊन नावेच्या काठावरून ओकलो. अंडे आणि हरिसाची तिखट चटणी पाण्यात पडताच शेकडो मासे धावले. मासे प्रथमच पाहिले.

सायंकाळी ७.००
अहवाल सादर केला : कपार भरलेली, पोवळे लालभडक. दिवा होता का, असे सासरेबुवांनी विचारले. नव्हता, म्हणालो.
"जावईबापू, तेवढ्या खोल लाल रंग उरतच नाही. दिव्यावाचून पोवळं काळं दिसतं. मला आंधळ्याला तरी फसवू नका."
पत्नी हयात चहा ठेवून आत गेली.

१३ जून
हयातचा हात धरून सासरेबुवा धक्क्यावर आले. माझा मास्क मागून घेतला, आत थुंकले, अंगठ्याने काच चोळली आणि परत दिला. काळे दिसेपर्यंत वर यायचे नाही, अशी ताकीद दिली.
पुन्हा खाली उतरलो. काच निर्मळ होती. कपारीत तीनच फांद्या, काळ्या. तसेच सांगितले. त्यांनी माझा ओला हात बराच वेळ सोडला नाही.
घरी येऊन डोळे दोनदा साबणाने धुतले. आता ते लालभडक आहेत.