ओर्सोलाच्या चेहऱ्याचा कागद

मी, सान्ते सुताराचा मुलगा बाल्दो, वय एकसष्ट, धंदा चित्रकार, राहणार मोंतेल्वो. छातीने दगा दिला आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

घर बायको जिनेव्रा हिचे. अंगणातल्या द्राक्षवेलीवर शेजाऱ्याचा काडीचाही हक्क नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

रंग वाटायचा पाटा, कुंचले व सुकवलेल्या फळ्या माझा सोबती गास्पारे यास. माझ्याच सदऱ्यांना तो हात पुसत आला, तेही त्यालाच. अट शेवटी लिहिली आहे.

दरबाराचे चिटणीस मेस्सेर अँसेल्मो यांस काही नाही. त्यांनी माझ्या शवपेटीला हातही लावू नये. नऊ वर्षांपूर्वी आमच्या सरकारांना डोंगरापलीकडच्या राजाशी तह हवा होता. नजराण्यासाठी मी संत कातेरीना रंगवली आणि चेहरा थोरल्या लेकीचा, ओर्सोलाचा घेतला. चित्र पोचले. चिटणीस हसत घरी आले.

"उस्ताद, राजेसाहेब जाम खूश आहेत! विचारतात, ही पोरगी खरीच आहे का कुठं?"

मी मूर्ख. छाती फुगवून म्हणालो, "माझी लेक आहे ती!"

पुढच्या नजराण्यात दोन घोडे, एक ससाणा आणि ओर्सोला गेली. कागदोपत्री राणीची सखी म्हणून. सतरा वर्षांची होती. दीड वर्षाने तिची शाल परत आली. सोबतच्या पत्रात, बाळंतपणात गेली, मूलही गेले, एवढेच होते. तह त्याच वर्षी मोडला.

तिच्या चेहऱ्याचा सुईने टोचलेला कागद माझ्या पेटीत होता. त्यावर कोळशाची पूड थापटली की तोच चेहरा नव्या फळीवर उतरतो. गेल्या महिन्यात नव्या तहासाठी चिटणिसांनी तोच चेहरा पुन्हा मागितला. मी कागद चुलीत घातला. जिनेव्रा ऊर बडवून रडली.

"अहो, आता पोरीचं तोंड कुठं बघू मी?"

"धाकटीकडं बघ," मी म्हणालो.

धाकटी तादेआ सोळाची झाली, हुबेहूब थोरलीसारखी. मला तिच्याकडे बघायची भीती वाटते. सबब गास्पारेने तिला कधीही रंगवू नये. रंगवल्यास पाटा, फळ्या सगळे परत. हे मृत्युपत्र पाद्रीबाबांकडेच राहावे, दरबारात जाऊ नये. आणि जिनेव्रा, कोणी दारात येऊन विचारले, तर सांग, चित्रकाराला एकच मुलगी होती.

सही: बाल्दो
साक्षीदार: पाद्री पिएरो; चौकटी करणारा सुतार नान्नी
मोंतेल्वो, ९ नोव्हेंबर १५१९