रुंद पडद्यावरचा पैलवान

कोल्हापूर,
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

प्रिय सम्राट,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देतोस का कधी? मी हॅलो म्हणायच्या आत "गुडघा कसा हाय?" विचारतोस, मग तुझ्या काजूच्या कारखान्यातल्या गमती सुरू होतात, आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. असं करता करता सतरा वर्षं राहून गेलंय. आज शाळा सकाळची होती. मुलांना मैदानावर पळवून आलो, जेवलो आणि सरळ वही घेऊन बसलो. शेवटपर्यंत वाच आणि मगच काय त्या शिव्या घाल.

आधी मोनाची बातमी. तिची जिल्हा निवड चाचणी तेरा तारखेला आहे, पन्नास किलो गटात. वर्षभर पोरगी पहाटे पाचला उठून तालमीत जातेय. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण तिचा एकेरी पटाचा डाव बघशील तर चाट पडशील. आणि गेल्या सोमवारपासून म्हणते, "पप्पा, गुडघा दुखतोय, मी न्हाय उतरत." डॉक्टरांनी दाबून, वाकवून पाहिलं, फोटो काढला, काहीसुद्धा नाही. सकाळी ती उजव्या पायानं लंगडत होती आणि संध्याकाळी डाव्या. पूर्णिमा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. मलाही आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. ती या वेळी उतरली नाही तर पुढच्या वेळी न उतरणं आणखी सोपं जाईल. मला हे दुखणं चांगलंच माहीत आहे.

आता कान देऊन ऐक. माझा चुलतभाऊ यशराज तुला आठवत असेल, राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा तो. २००८ साली त्यानं नवा लॅपटॉप घेतला. आधीचा जाडजूड, चौकोनी पडद्याचा होता, घरातल्या जुन्या टीव्हीसारखा. पण त्या सुमाराला जिकडं तिकडं रुंद पडद्याचे आले होते. चौकोनी मागितला तर दुकानदार आपल्याकडंच दयेनं बघायचा. यशराज तो रुंद लॅपटॉप घेऊन भावकीत घरोघर फिरला. अडचण एकच होती. जुनी सीडी लावली की चित्र मधोमध यायचं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. झालं, यशराज खवळला. "एवढा रुंद पडदा घेतला त्यो काय काळा बघाय?" दुकानदारानं फसवलं असंच त्यानं धरलं. दोन दिवस खटपट करून त्यानं कुठलीशी सेटिंग शोधून काढली आणि चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. सगळ्या गल्लीनं त्याची पाठ थोपटली. मीसुद्धा थोपटली.

त्याच वर्षी चैत्रात वडगावच्या बाजूला जत्रेच्या मैदानात आपली कुस्ती लागली. तुला मी कधी पाहिलं नव्हतं, तुमची मैदानं सगळी चंदगड आणि बेळगावकडची. पोस्टरवर तुझा फेटा बांधलेला नुसता चेहरा होता. वजन अठ्ठ्याहत्तर, माझ्याइतकंच, असं आयोजकांनी सांगितलं होतं. यशराज मोठ्या हौसेनं तुझ्या दोन कुस्त्यांची सीडी घेऊन आला, तुमच्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं काढलेली. लावली. आणि तू मैदानात आलास. देवाशपथ सांगतो सम्राट, तसले खांदे मी आजवर पाहिलेले नाहीत. मांड्या तर बघवत नव्हत्या. यशराज म्हणाला, "ह्यो अठ्ठ्याहत्तरचा? ह्येचा एक पायच तेवढा भरंल की!" मी ती सीडी त्या आठवड्यात अकरा वेळा पाहिली आणि दर वेळी तू मला थोडा वाढल्यासारखा दिसलास.

कुस्तीच्या आदल्या सकाळी माझा गुडघा दुखायला लागला.

बघ, लिहून झालं. तो गुडघा कधीच दुखला नव्हता. मुरगळला नव्हता, सुजला नव्हता, काहीही झालं नव्हतं. मी भ्यालो होतो. आमच्या तालमीच्या केरबा वस्तादांनी स्वतः हळद उगाळून लेप लावला आणि मी डोळे मिटून कण्हत पडून राहिलो. त्यांच्या हाताला कळलं असणार, तरी त्यांनी लेप पुरा लावला, आणि तो लेप मला अजून टोचतो. तू मैदानात एकटाच उतरलास, हलगी वाजली, पंचांनी तुझा हात वर केला. तू बक्षीस घेतलं नाहीस म्हणे. "गडी बरा हुंदे, फुडच्या वर्षी धरू," म्हणालास.

आणि चार दिवसांनी काजूची पिशवी नि तेलाची बाटली घेऊन तू माझ्या दारात उभा. मला वाटलं सम्राटनं धाकट्या भावाला पाठवलंय. उंच, सडसडीत, शर्टाच्या आत आणखी एक जण मावला असता. तू म्हणालास, "पावणं, मीच सम्राट." मी तुझ्याकडं बघतच राहिलो आणि तुला वाटलं मला वेदना होतायत. तू खाली बसून माझ्या धडधाकट गुडघ्याला अर्धा तास तेल चोळलंस. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं खरंच वाटतं माणसाला, मला त्या दिवशी वाटलं.

कोडं सुटलं दोन महिन्यांनी. आमच्या भावकीतल्या क्रांतीच्या लग्नाची सीडी आली आणि सगळी बायकामंडळी यशराजच्या लॅपटॉपसमोर बसली. चिमणाआत्ती म्हणजे आमच्याकडची सगळ्यात वाळकी बाई. ती पडद्याकडं बघून म्हणते, "ही कोन गं म्हशीवानी बसलीया, माजंच लुगडं नेसून?" आणि ती आत्तीच होती. नवरी रुंद, भटजी रुंद, मांडवातले कळससुद्धा बसके. आत्तीनं एवढा गोंधळ घातला की यशराजनं घाईघाईनं ती सेटिंग काढली आणि सगळं वऱ्हाड एका क्षणात बारीक झालं. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी उठून बाहेर गेलो. तुझ्या सीडीतले पंच तेवढेच रुंद होते, हलगीवाला रुंद होता, तू ज्याला पाडलंस तोही रुंद होता. अकरा वेळा पाहून मला ते दिसलं नाही, कारण मी तुझ्याशिवाय कुणाकडं पाहिलंच नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू दर महिन्याला विचारपूस करायचास, आणि पुढच्या वर्षी तुझे वडील आजारी पडून तुझी तालीमच सुटली. मग कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या लग्नात तू मला खुर्चीवरून उठू दिलं नाहीस. पन्हाळ्याला सज्जाकोठीच्या पायऱ्यांवरून तू मला हाताला धरून उतरवलंस आणि पूर्णिमा मागून सामान घेऊन येत होती. तिला सगळं ठाऊक आहे, त्या दिवसाचं उट्टं ती अजून काढते. दर वर्षी तुझं तेल येतं. आम्ही ते दाराच्या बिजागऱ्यांना घालतो, माफ कर.

तर परवा मी मोनाला जवळ बसवून विचारलं, कुणाला बघितलंस? तिनं मोबाइल पुढं केला. तिच्या गटात इचलकरंजीची एक मुलगी आहे, तिचे व्हिडिओ. आपल्या वेळी पडदे आडवे पसरले होते, आता ते उभे झालेत. कॅमेरा खाली जमिनीवर, मुलगी ताडमाड उभी, मागून ढोल, आणि प्रत्येक डाव संथ करून दाखवलेला. मीसुद्धा दोन मिनिटं हबकलो. मग मी पोरीला सगळं सांगितलं, आत्तीच्या लुगड्यापासून तुझ्या तेलापर्यंत. ती पोट धरून हसली. मला वाटलं काम झालं. तर डोळे पुसून म्हणते, "पप्पा, मग तुमी सम्राटकाकांबरोबर कुस्ती कवाच धरली न्हाय?" मी म्हटलं, नाही. "आजून भ्या वाटतंय?" आणि लगेच म्हणाली, "तुमी उतरा, मग मी उतरते." पूर्णिमानं आतून ओरडून सांगितलं, "बराबर हाय तिचं!"

म्हणून हे पत्र. पुढच्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी सातला आमच्या तालमीत ये आणि येताना लांग-लंगोट घेऊन ये. माती मी स्वतः खणून ठेवतो. तुझं पोट सुटलंय, माझा दम गेलाय, दोघंही चाळिशीला आलोय, तेव्हा जोड बरोबरीची आहे. रागावला असशील तर राग घेऊन ये, तो मातीतच काढ. आणि खरं सांगू? तू आता कसा दिसतोस, केवढा आहेस, सगळं माहीत असूनसुद्धा हे लिहिताना माझे तळवे ओले झालेत. तरी ये. फक्त एक कर सम्राट, तुझा स्वभाव मला माहीत आहे, माझ्यावर दया करून पाठ टेकू नकोस. मला चितपट केलंस तरी चालेल. मोना काठावर बसून बघणार आहे आणि लुटुपुटुची कुस्ती त्या पोरीला लगेच ओळखू येते.

तुझाच,
आदर्श