गेटाबाहेरची मशीन

पनवेल, ऑक्टोबर २०१२

अल्फिया पोरी,

माझ्या खाडीकडच्या प्लॉटवर एक हंगाम लाल भात लावायची परवानगी तू मागितलीस, तेव्हा मी हसलो होतो. खाऱ्या जमिनीत तगणारं जुनं बियाणं म्हणे. वाटलं, विद्यापीठातली पोर, चार फोटो काढून जाईल. पण भरतीने बांध फुटला तेव्हा तू स्वतः चिखल ओढलास.

इमारतीच्या पायाचे खांब ठोकणारी पायलिंगची मशीन आज येणार, हे तुला ठाऊक होतं. तरी काल तू मुदत मागितली नाहीस. एवढंच म्हणालीस, "काका, दाणा आत्ता कुठे दुधात आलाय."

तेवढ्यात माझा इंजिनियर बुटांसकट भातात शिरला. मी खेकसलो, "आधी पायातलं काढ, शेत हाय ते." बघतो तर माझेच पाय अनवाणी. चपला बांधावर कधी काढल्या, कळलंच नव्हतं.

सकाळी मशीन आली. कापणीपर्यंत ती गेटाबाहेरच उभी राहील. भागीदाराला सांगितलंय, बांधकामाची परवानगी अडकलीय.

हे पत्र मात्र तुला देणार नाही. दिलं तर पुढच्या वर्षीही शेत मागशील, आणि मला नाही म्हणता येणार नाही.

तुझा,
हसुराम काका