मेंढ्या बसल्या दुसऱ्याच प्लॉटवर

परभणी
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दैवशालाआक्का,

तुम्हाला आणि मामांना वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी सरल्यापासून आत्याबाईंचे गुडघे जरा ताळ्यावर आलेत, पण तोंड काही येत नाही. परवा त्यांनी दूधवाल्याला पातेलं नुसतं हुंगून दुधात पाणी किती ते सांगितलं. तेव्हापासून तो गाडीवरून खाली उतरतच नाही, वरूनच माप ओततो आणि पळतो. सोनूचे पुढचे दोन दात पडलेत, तरी दिवसभर टकळी चालूच. तुमच्यावर, आत्यावर गेलीय पोरगी, दुसरं काय.

खिशात फोन असताना ही बया कागद घेऊन का बसली, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं असं आहे, की तुमच्या मुक्कामावर फोन एकच आणि मामा तो स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाहीत. मी "हॅलो" म्हणते ते सासऱ्यांना, नणंदेला, दोन कुत्र्यांना आणि अख्ख्या कळपाला एकदमच ऐकू जातं. मला जे सांगायचंय ते मामांच्या कानावर एवढ्यात जायला नको. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात आणि मामांना वाचता येत नाही, याचा आज पहिल्यांदा मला आनंद झाला. यांच्या दवाखान्यातले आदिनाथभाऊजी मेंढ्यांचं जंताचं औषध घेऊन देवगाव फाट्याला तुमच्याकडे येतायत, त्यांच्याबरोबर ही चिठ्ठी देते. सोबतचा चिवडा मामांना द्या, चिठ्ठी तुम्ही ठेवा.

तर आक्का, घराचं.

पाडव्यानंतर मामा मेंढ्या काढून टाकणार, हे आता नक्की. वय झालं, आणि आत्याबाई इकडे, ते तिकडे, असं किती दिवस चालायचं. ते दोघं आमच्याकडे राहतील. राहता राहिल्या तुम्ही. दिवाळीत मी विषय काढला, तेव्हा तुम्ही चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणालात, "नंदे, म्या न्हाई यायची भावाच्या घरी. तुजा डब्बा उघडायचा तर तुला इचारावं लागंल. ते मला जमायचं न्हाई. माज्या मेंढरांचे पैसे येत्याल, पोखर्णीत दोन पत्रे टाकीन अन् सुखानं ऱ्हाईन." मी त्या वेळी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे मला पटलं, असं तुम्हाला वाटलं असेल. इतक्या वर्षांत तुम्ही मला ओळखलंच नाही म्हणायचं.

पण ते पुढे. आधी प्लॉटचं ऐका.

जिंतूर रोडकडचा लेआउट तुम्ही पाहिलात. आत डांबरी रस्ता, नळाची लाईन आलेली, बागेसाठी राखलेली जागा, बँकेचा साहेबही त्या कागदांवर खूश. मला ती बाग फार आवडली होती. अजून तिथे एक झाड नाही, नुसतं कुंपण आहे, पण मी मनातल्या मनात सोनूला झोपाळ्यावर बसवूनसुद्धा आले होते. इसार दिला आणि तुमच्या भावानं ही बातमी मामांना फोनवर सांगितली. मामा म्हणाले, "मार्गशीर्षात तिकूनच जायाचंय. पोखर्णीच्या शेतकऱ्याकडं जायच्या आधी एक दिस आपल्या जागंवर मेंढ्या बसवतो. लोकाच्या रानाला जलमभर खत देल्लं, लेकाच्या जागंला न्हाई द्यायचं का?"

ऐकून यांचे डोळे भरले. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

त्या दिवशी यांना पूर्णेकडे लसीकरणाच्या कॅम्पला धाडलं. गुरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरला सुट्टी म्हणजे पाहुण्यांसारखी, येते म्हणते आणि येत नाही. माझ्याकडे लग्नाचे ब्लाउज शिवायला पडलेले. म्हणून तुम्हाला प्लॉट दाखवायला कुणीच आलं नाही. यांनी फोनवर सांगितलं होतं, लिंबाच्या झाडाच्या पुढे, दगडावर नंबर आहे. आता मामांनी उभ्या जन्मात कुणाचं रान नंबरावरून ओळखलंय का? तुम्ही दोघांनी काय पाहिलं, तर सगळीकडे गुडघाभर गवत आणि एकच जागा झाडून, सारवल्यासारखी करून, पाणी मारून ठेवलेली. मेंढ्या बसवून घेणारा शेतकरी जागा साफ करून ठेवतो, हे मामांना पक्कं माहीत. पोरानं आपल्या मेंढ्यांसाठीच जागा केली, असं धरून त्यांनी तिथं वाघूर लावली आणि जाळीच्या आत मेंढ्या बसवल्या. सकाळी उजाडायच्या आत तुम्ही मेंढ्या उठवल्या आणि पोखर्णीच्या वाटेला लागलात.

आक्का, ती जागा आपली नव्हती.

ती शेजारच्या दिनकररावांची होती. झाडून, पाणी मारून ठेवली होती ती त्यांच्या भूमिपूजनासाठी.

आम्ही दोघं तुमच्यासाठी चहा आणि दशम्या घेऊन पोचलो, तर तुम्ही दोघं निघून गेलेले, आपल्या प्लॉटवर गवत तसंच डुलतंय आणि पलीकडे केळीचे खांब, हार, फुगे, पाहुणे, आणि मध्ये भटजी दोन्ही हातांनी धोतर वर धरून लेंड्यांमधून पाऊल टाकायला जागा शोधतायत. तुमचा भाऊ लेंड्यांकडे बघून हळूच म्हणाला, "आपल्याच हायती." जशा काही त्यावर नावं होती! मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी लिंबाकडे तोंड करून उभी राहिले.

मग हसू आपोआप थांबलं. दिनकरराव वाईट माणूस नाही. ते चिडले, ओरडले, पण कुणीही ओरडलं असतं. यांनी माफी मागितली, खराटा घेतला आणि सगळी जागा झाडून दिली, मीही लागले. भटजीच उलट म्हणाले, "राहू द्या हो, जमिनीला बरंच असतं." सगळं मिटल्यात जमा होतं. तेवढ्यात दिनकररावांच्या मंडळी माझ्याजवळ आल्या. अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "काल संध्याकाळी त्या मेंढ्यांबरोबर एक बाई होती म्हणे, घागर घेऊन फिरत होती. ती इथं कायमची राहायला नाही ना येणार?"

त्यांचा हा प्रश्न मी दोन-अडीच महिने कुणाला सांगितला नाही. यांनाही नाही. घागर घेऊन फिरणारी ती बाई तुम्ही. माझ्या बाळंतपणात कळप सोडून आलेल्या, दवाखान्याच्या फरशीवर गोणपाट टाकून झोपलेल्या. सोनू रडली की मला उठू न देता स्वतः उठणाऱ्या. मला माझी आई आठवत नाही, आक्का. डोक्याला तेल लावणारा पहिला हात मला सासरी येऊन तुमचा मिळाला.

मी त्यांना म्हटलं, "हो, कायमचीच येणार आहे. माझी नणंद आहे ती. तिच्यासाठीच घर बांधतोय."

बघा, तुम्हाला न विचारता मी चारचौघांत सांगून टाकलं. तुमच्या भावाच्या हातातला खराटा तिथंच थांबला. त्या बाई "अस्सं का" म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणंही गोडच होतं. त्या गोडीशेजारी मला आयुष्य काढायचं नव्हतं. घरी येऊन मी यांना सांगितलं, हा प्लॉट नको.

मग काय विचारता! चार दिवस तुमचा भाऊ माझ्याशी सोनूमार्फत बोलत होता. "सोनू, तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ नाही." "सोनू, बापाला सांग, आज भाजीच नाही, ते पिठलं आहे." बँकेच्या साहेबानं कपाळाला हात लावला, फाईल पहिल्यापासून करावी लागेल म्हणाला. पाचव्या दिवशी जेवताना यांनीच तोंड उघडलं, "तू सगळ्यांना सांगितलंस आक्का येणार म्हणून. आक्काला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. हिंमत होत नव्हती.

आणि इकडे मामा दर आठवड्याला फोनवर, "काय गं नंदे, पलाट कसा हाय? लेंड्या मातीत मिसळून घेतल्या का? वर ठिवू नका, वाऱ्यानं वाळून जात्यात." मी आपली, "हो मामा, घेतल्या मिसळून." दिनकररावांनी खरंच मिसळून घेतल्या असतील तर त्यांच्या नव्या दारात लावलेली जास्वंद छपराला टेकेल. मामांना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा. मला वाटतं, आधी चिडतील आणि मग हसतील. उलटंही होईल.

आता नवी जागा. पोखर्णीच्या रस्त्याला, परभणी संपते तिथं. खरं लिहायचं तर तुम्हाला दाखवावी अशी नाही. रस्ता खडीचा आहे, पावसात काय होईल देव जाणे. नळ अजून आलेला नाही, बोअर घ्यावा लागेल. सोनूची शाळा लांब पडेल. बाग तर नाहीच. जिंतूर रोडच्या बागेसाठी मी एकदा रडलेसुद्धा, मशीनवर बसून, कुणाला दिसू न देता. पण कागद साफ आहेत, एनए झालेला आहे, बँक अखेर हो म्हणाली. आणि पलीकडे धुरपताबाई राहतात. दोन म्हशी, चार शेळ्या, दारात वांगी-मिरची. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण. मी सांगितलं, सासू, सासरे, नणंद, सासऱ्यांच्या मेंढ्या होत्या. बाई एकदम जवळ सरकल्या. "होत्या म्हंजी? हायत का अजून? मग एक दिस माज्या वांग्यात बसवा की! मी ज्वारी देते, जेवण देते. तुमची नणंद अन् मी बसू बोलत." त्याच वेळी माझं ठरलं. लोक पाणी बघतात, दिशा बघतात. मी त्या बाईचं ते जवळ सरकणं बघितलं. चुकलं असेल तर तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे.

आता जे लिहायला बसले होते ते.

जागेचे मालक दत्तराव तिचे दोन तुकडे करून द्यायला तयार आहेत. मावळतीकडचा आम्ही घेतला, खरेदीखत झालं. उगवतीकडचा लहान तुकडा त्यांनी माझ्या शब्दावर थांबवून ठेवलाय, पैसे पाडव्यानंतर दिले तरी चालतील म्हणाले. तो तुम्ही घ्या. तुमच्या मेंढ्यांच्या पैशांनी, तुमच्या नावानं. पोखर्णीत पत्रे टाकणार होतात ते इथं टाका. आमच्या कर्जाचा त्याला काही संबंध नाही, आणि तुमच्या भावाचाही नाही. चूल तुमची, डबे तुमचे, आत काय आहे ते मी तुम्हाला विचारून उघडीन. मला साखर लागली तर मी वाटी घेऊन येईन आणि तुम्ही "न्हाई" म्हणालात तर परत जाईन. मधली भिंत तेवढी दोघींची.

त्या भिंतीपायी घाई आहे. नागनाथ मिस्त्री म्हणतात, भिंत सामायिक करायची तर पाया एकदमच काढावा लागेल, नंतर जोडता येत नाही. सोमवारी ते पायासाठी चुन्याची फक्की मारायला येणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर ते आमच्यापुरती रेघ ओढतील आणि उगवतीचा तुकडा दत्तराव दुसऱ्या कुणाला देतील. मी तुम्हाला आग्रह करणार नाही असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. मी आग्रह करते. तुम्ही आला नाहीत तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल, आणि ते मी लपवणार नाही.

मी मिस्त्रींना सांगितलंय, आमची रेघ आधी मारा, उगवतीच्या बाजूला हात लावू नका. त्या बाजूचं दार रस्त्याकडे करायचं की मागं धुरपताबाईंच्या वांग्यांकडे, हे मला माहीत नाही आणि तुमच्या भावालाही नाही. ते ज्यांचं दार आहे त्यांनी येऊन सांगायचं. तोवर चुन्याचं घमेलं तसंच राहील.

या, आक्का. पाहुणी म्हणून येऊ नका.

तुमची, तुम्ही हो म्हणालात तर,
शेजारीण
राजनंदिनी